शुगर लो होणं आणि जीटीटी : आमच्या टेबलावर रोज येणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी रक्ततपासणीचं काम करताना मी रोज दोन वाक्यं ऐकते. एक असं : "मॅडम, माझी शुगर लो होते, जीटीटी करून टाका." दुसरं एखादी गरोदर मुलगी ग्लुकोजचं पाकीट मुठीत धरून विचारते : "हे प्यायल्यावर मला चक्कर तर नाही ना येणार?" दोघींच्या तोंडी तपासणीचं नाव एकच, पण गरज अगदी वेगळी. जीटीटी (ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट, ग्लुकोजचं पाणी पाजून करायची तपासणी) मुळात शरीराला साखर पेलते की नाही, म्हणजे ती *वाढते* का, हे बघायला असते. साखर *कमी* होते का, याचं उत्तर ती फार वाईट देते. या गोंधळापायी लोक नको त्या तपासण्या करतात आणि करायची ती राहून जाते. म्हणून हे प्रश्न एके ठिकाणी लिहून काढले.

शुगर लो म्हणजे नेमकी किती?

मधुमेहाची औषधं चालू असतील तर दर शंभर मिली रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलेली साखर कमी समजायची आणि लगेच काहीतरी गोड घ्यायचं. ५४ च्या खाली गेली तर मेंदूलाच साखर पुरत नाही, ते गंभीर. त्यापुढची पायरी आकड्यावर ठरत नाही. माणसाला स्वतःहून साखर तोंडात घालता येईना, दुसऱ्याची मदत लागली, की मीटर काहीही दाखवो, ती तीव्र अवस्था.

मधुमेह नसलेल्या माणसाला मात्र हे ७० चं माप लावू नये. सडपातळ, धडधाकट मुलीची उपाशीपोटीची साखर ६७ येऊ शकते, आणि तिला काहीही झालेलं नसतं. अशा वेळी रिपोर्टवर आकड्याशेजारी छापलेला खाली जाणारा बाण बघून घरचे घाबरतात. मधुमेह नसलेल्यांच्या बाबतीत साधारण ५५ च्या खाली गेल्यावर, तेही त्रास होत असेल तर, शोध घ्यायचा असतो.

मुलं इंग्लंडला किंवा ऑस्ट्रेलियाला असतील तर फोनवर ती वेगळेच आकडे सांगतील. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा मिळतो. त्यांचे ४ म्हणजे आपले ७२.

साखर थोडी खाली गेली तर एवढं काय बिघडतं?

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. साखर ९० असेल तर त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते साडेचार ग्रॅम. चहाचा एक चमचा, बस. आणि एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते. म्हणजे हा चमचा सतत रिकामा होतो आणि सतत भरला जातो. भरण्याचं काम यकृत करतं. त्याच्याकडे शंभरेक ग्रॅमचा साठा असतो, तो संपत आला की ते नवी साखर तयारही करतं.

साखर ८० च्या आसपास उतरली की स्वादुपिंड इन्सुलिन आखडतं घेतं. ७० च्या खाली सरकायला लागली की साखर वर चढवणारी संप्रेरकं, ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रिनलिन सुटतात. ५५-५० वर आली की विचार, बोलणं, तोल यांवर परिणाम व्हायला लागतो. मधुमेहाच्या औषधांनी यातली पहिली सोयच काढून घेतलेली असते. टोचलेलं इन्सुलिन शरीराला परत घेता येत नाही. धोका तिथे आहे.

ओळखायचं कसं?

आधी अ‍ॅड्रिनलिनची लक्षणं येतात : दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, ओठांभोवती मुंग्या, पोटात एकदम खड्डा पडल्यासारखी भूक. मग मेंदूची : चिडचिड, जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, विचारलं एक तर उत्तर भलतंच. पुष्कळदा माणूस हट्टाला पेटतो, "मला काही झालेलं नाही" म्हणतो, दिलेला ग्लास ढकलून देतो. प्यायलेला समजून लोक त्याला बाजूला बसवून ठेवतात, इतकं ते सारखं दिसतं.

हे मी घरात पाहिलं आहे. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. संकष्टी होती. दुपारी थोडी साबुदाण्याची खिचडी खाल्लेली. संध्याकाळी साडेसातला त्यांनी सवयीप्रमाणे जेवणाआधीची गोळी घेतली, ग्लिमेपिराइडची. चंद्रोदय होता पावणेदहाच्या पुढे. नैवेद्याचं ताट तयार होतं आणि सगळे चंद्राची वाट बघत होते. नऊनंतर अण्णा उठून खुंटीवरचा स्वेटर घालायला लागले. पावसाळ्याचे दिवस, उकडत होतं, आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बटणं एक सोडून एक लागत होती. मी हात धरला तर त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली. मीटरवर ४३ आले. पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा दिली, मग ८४. दूध-पोळी खाल्ल्यावर ते स्वतःच म्हणाले, "मी स्वेटर का घातलाय?" रात्री दोनला पुन्हा तपासली तर ६६. गोळी अजून अंगात होती. ती रात्र आम्ही दोन-दोन तासांनी उठून काढली.

घरात कुणाची शुगर लो झाली तर पहिल्यांदा काय द्यायचं?

पंधरा ग्रॅम पटकन विरघळणारी साखर. म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यात, किंवा ग्लुकोज पावडरचे तीन चमचे, किंवा अर्धा-पाऊण कप फळांचा रस. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. ७० च्या वर गेली नसेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरी, पोळी, दूध-बिस्किट असं टिकणारं काहीतरी.

पेढा, बर्फी, चॉकलेट, शेंगदाण्याचा लाडू हे त्या क्षणी देऊ नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. गुळाचा खडा चघळत बसण्यापेक्षा साखरपाणी बरं.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण साखरेचे तुकडे करणारं आतड्यातलं विकरच ही गोळी अडवते. त्या घरात ग्लुकोज पावडरचा डबाच ठेवायला हवा. आपल्या गोळीत हे औषध आहे का, हे औषधाच्या दुकानात पट्टी दाखवून आजच विचारा.

मीटर नाही आणि शुगर वाढली की उतरली तेच कळत नाही. मग?

माणूस शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर साखर द्या. साखर वाढलेलीच असली तर तीन चमच्यांनी थोडी आणखी वाढेल, त्याने तासाभरात काही बिघडत नाही. कमी असली आणि नाही दिली तर तेवढा वेळ हातात नसतो.

बेशुद्ध पडला तर?

तोंडात काहीही ओतू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, मान थोडी मागे, तोंड जरा खालच्या बाजूला, आणि १०८ ला फोन करा. फोनवर "मधुमेहाचा पेशंट आहे, इन्सुलिन किंवा गोळी चालू आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं की बहुतेक वेळा माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरी असेल आणि ते द्यायला शिकवलेलं असेल तर तेही द्या.

कांदा फोडून नाकाशी धरणं, चप्पल हुंगवणं अजून चालतं. त्यात मौल्यवान दहा मिनिटं जातात. कृपा करून नको.

कुठल्या गोळीने शुगर लो होते? मी तर साधी गोळी घेतो.

"साधी गोळी" म्हणून जी दाखवली जाते, तिच्या पट्टीवर मी बरेचदा दोन नावं वाचते : ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. एकाच गोळीत दोन औषधं. एकटं मेटफॉर्मिन साखर सहसा धोक्याइतकी उतरवत नाही. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन हीही एकटी असताना सहसा नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही स्वादुपिंड पिळून इन्सुलिन काढणारी औषधं आहेत. तुम्ही जेवलात की नाही, हे त्यांना कळत नाही. इन्सुलिनचंही तसंच.

धोका कुणाला जास्त, तर सत्तरीपुढच्यांना, किडनी कमजोर झालेल्यांना (औषध आणि इन्सुलिन दोन्ही अंगात रेंगाळतात), जेवणाच्या वेळा न पाळता येणाऱ्यांना, आणि एकटं राहणाऱ्यांना. ब्लडप्रेशरसाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधड आणि कंप जाणवत नाहीत. घाम मात्र येतोच, तेव्हा अशांनी घामावर लक्ष ठेवावं. ज्यांची साखर वारंवार उतरते त्यांना काही महिन्यांनी इशारेच मिळेनासे होतात. मीटरवर ४५ आणि माणूस पेपर वाचत बसलेला, असं दिसलं तर त्याची प्रकृती दणकट समजू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

दारूचं वेगळं सांगते, कारण त्याची वेळ फसवी असते. दारू यकृताला नवी साखर तयार करू देत नाही. रात्री प्यायलेल्याची साखर दुसऱ्या दिवशी सकाळी कोसळू शकते, आणि तोवर घरच्यांना वाटतं की उतरली नाही अजून.

झोपेत शुगर लो झाली तर कळणार कसं?

उशी आणि कपडे घामाने ओले, भलती स्वप्नं, झोपेत ओरडणं, सकाळी उठताना डोकं ठणकणं आणि अंग मोडून आल्यासारखं वाटणं. शंका असेल तर दोन-तीन रात्री गजर लावून पहाटे तीनला बोट टोचा. त्या तीन आकड्यांवरून डॉक्टर रात्रीचा डोस ठरवू शकतात. नुसत्या "रात्री बरं वाटत नाही" वरून नाही.

उपास करावा की नाही?

"करूच नका" असं मी म्हणत नाही. माझ्या आईने चाळीस वर्षं एकादशी सोडली नाही, तो तिच्या जगण्याचा भाग आहे. पण उपासाच्या दिवशी औषध रोजच्यासारखं घ्यायचं नसतं, ते त्या दिवसापुरतं बदलायचं असतं, आणि हे आधी डॉक्टरांना विचारून. कुठला उपास, किती वाजता काय खाणार, हे नीट सांगा. संकष्टीला जेवण चंद्रोदयापर्यंत लांबतं. निर्जळी एकादशीला पाणीही नाही. श्रावणी सोमवारी रात्री जेवण असतं. नवरात्रात नऊ दिवस. रमजानचे रोजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत. प्रत्येकाची गोळीची वेळ वेगळी बसवावी लागते. बोट टोचून साखर तपासल्याने उपास मोडत नाही, आणि ७० च्या खाली गेली तर तिथेच सोडायचा, हे घरातल्या सगळ्यांसमोर आधी ठरवून ठेवा.

आणखी एक. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. दुपारी भरपूर खिचडी खाऊन साखर चढते, रात्री गोळीने उतरते, आणि एकाच दिवसात दोन्ही टोकं गाठली जातात. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, दही, काकडी अशी जोड दिली तर चढ-उतार कमी होतो.

आषाढीला पायी वारीला जातो. इन्सुलिन तेवढंच घ्यायचं का?

बहुधा नाही, पण किती कमी करायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, निघायच्या आधी. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालताना स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतात आणि रात्री विसाव्यावरही ओढत राहतात. दिवे घाटात चढताना जितका धोका, तितकाच त्या रात्री तंबूत झोपल्यावर. खिशात साखरेच्या पुड्या, गळ्यात "मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो" अशी चिठ्ठी, आणि दिंडीतल्या शेजाऱ्याला ही गोष्ट माहीत. भर उन्हाळ्यातल्या शेतमजुरीला आणि ऊसतोडीलाही हेच लागू.

मला मधुमेह नाही. तरी अकरा वाजले की हात थरथरतात, गळून गेल्यासारखं होतं. ही शुगर लोच ना?

असू शकते, नसूही शकते. याचा निवाडा करायची पद्धत अमेरिकन शल्यचिकित्सक अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३८ मध्ये सांगितली आणि ती अजून तशीच वापरतात. तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. साखर कमी असल्याची लक्षणं असली पाहिजेत, *त्याच वेळी* घेतलेल्या रक्तात साखर खरोखर कमी निघाली पाहिजे, आणि साखर दिल्यावर ती लक्षणं गेली पाहिजेत. यातलं मधलं कलम बहुतेकांचं राहून जातं. त्रास अकराला होतो, रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दिलं जातं, ते ८८ येतं, आणि कुणालाच काही कळत नाही.

म्हणून माझं मागणं असं : त्रास होत असेल तेव्हा या. रिक्षा करून, कुणाच्या गाडीवर मागे बसून, पण त्या वेळी. जमत नसेल तर निदान मीटरवर आकडा बघून वेळ लिहून ठेवा. पुष्कळदा आकडा ८५ निघतो, आणि मग कारण दुसरीकडे शोधता येतं : रक्त कमी, थायरॉइड, सकाळपासून नुसत्या चहावर राहणं, घाबरण्याचे झटके. त्या माणसाचा त्रास खराच असतो. फक्त त्याचं नाव वेगळं असतं.

आकडा खरोखर ५५ च्या खाली निघाला तर कारणांची यादी छोटी पण महत्त्वाची आहे. घरातल्या दुसऱ्याची मधुमेहाची गोळी चुकून घेतली गेली का, हे सगळ्यात आधी बघा. वजन कमी करण्याची पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे का, अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी काम करतात का, यकृत-किडनीचा आजार, दारू, मोठा जंतुसंसर्ग, मलेरियासाठी क्विनिन. क्वचित स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणारी छोटी गाठ असते. लेबल नसलेल्या "ताकदीच्या" पुड्यांचंही विचारते, कारण सिंगापूरमध्ये २००८ साली अशाच बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं सापडलं होतं आणि माणसं दगावली होती.

बिहारमध्ये मुझफ्फरपूरला लिचीच्या हंगामात मुलं पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडत. कित्येक वर्षं त्याला मेंदूज्वर म्हटलं गेलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की लिचीतलं हायपोग्लायसिन यकृताची साखर तयार करण्याची वाट बंद करतं, आणि ज्या मुलांना आदल्या रात्री जेवण मिळालेलं नव्हतं त्यांना धोका जास्त होता. वेळेवर रक्तातली साखर तपासणं किती मोठी गोष्ट आहे, हे मला त्या मुलांच्या हकिकतीने जितकं पटलं तितकं कुठल्याच पुस्तकाने पटवलं नाही.

मग लो शुगर शोधायला पाच तासांची जीटीटी का नाही करायची?

पूर्वी करत. आता ती सोडून दिली आहे, आणि तसंच कारण आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज उपाशीपोटी एका दमात पिणं म्हणजे जेवण नव्हे. त्याने इन्सुलिन उसळून वर येतं आणि तीन-चार तासांनी साखर घसरते. अगदी निरोगी माणसांपैकीही दहातल्या साधारण एकाची ५० च्या खाली जाते. म्हणजे ही तपासणी धडधाकट माणसाला "लो शुगरचा पेशंट" ठरवते. तो शिक्का मग वर्षानुवर्षं निघत नाही. दर दोन तासांनी बिस्किटं खात वजन वाढवलेली माणसं मी पाहिली आहेत.

जेवणानंतर त्रास होत असेल तर, ज्या जेवणाने होतो तसं मिश्र जेवण देऊन पाच तास रक्त तपासतात. उपाशी असताना होत असेल तर दवाखान्यात भरती करून देखरेखीखाली ७२ तासांपर्यंत उपास घडवतात, आणि साखर उतरल्या क्षणी इन्सुलिन व सी-पेप्टाइडही (शरीराने स्वतः इन्सुलिन तयार केल्याची खूण) मोजतात. हे घरी करून बघायचं नाही.

बरं, जीटीटी मग नेमकी काय असते? पीपीसारखीच ना?

नाही. पीपीत, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेच्या तपासणीत, तुम्ही घरी जेवता. कुणी दोन फुलके खातं, कुणी श्रीखंड-पुरी. दोन तासांनंतरचा आकडा औषध किती लागू पडतंय हे बघायला उपयोगी, पण दोन माणसांची तुलना त्याने होत नाही. जीटीटीत सगळ्यांना एकच माप. ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज, २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. पहिल्या घोटापासून घड्याळ सुरू. आधी एकदा रक्त, बरोबर दोन तासांनी पुन्हा. गरोदरपणात काही डॉक्टर एक तासाचंही मागतात.

ज्यांना मधुमेह आहे हे आधीच ठरलं आहे, त्यांना जीटीटीची गरज नाही. विनाकारण साखर प्यायची.

तयारी काय करायची?

आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं. हे मी तीन-तीनदा सांगते, कारण लोक उलट करतात. तपासणी आहे म्हणून भात-पोळी बंद करून नुसत्या भाजी-काकडीवर राहतात. तसं केलं तर शरीर साखरेची सवय विसरतं आणि आकडा उगाच *वाढलेला* येतो.

रात्रीच्या जेवणानंतर ८ ते १४ तास काही नाही. साधं पाणी चालतं. चहाचा घोट नाही, बिनसाखरेचासुद्धा नाही. तंबाखू, सिगारेट, गुटखा नाही, आणि बायकांनी सकाळची मिश्रीही लावायची नाही. तीही तंबाखूच आहे, आणि ती कुणी सांगत नाही. ताप-सर्दी असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी बोला, तारीख पुढे ढकलू.

दोन तास बसून राहायचं. "तेवढ्यात बाजार करून येते" म्हणून गेलेली बाई चालून-चालून साखर उतरवून येते, आणि तिचा रिपोर्ट तिला दिलासा देतो, तोही खोटा.

ते पाणी जात नाही. उलटी झाली तर?

गार पाण्यात कालवलं की जरा सोपं जातं. आमच्याकडे लिंबाचे दोन-चार थेंब पिळू देतो. गटागटा नको, पण रेंगाळूही नका. बरेच जण तिसऱ्या घोटाला तोंड वाकडं करतात आणि सहाव्याला पेला संपतो. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा. अर्ध्या तासानंतर झाली तर गरोदर बायकांसाठीच्या आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार तपासणी चालू ठेवतात. झाली तर लपवू नका. आम्ही रागावत नाही.

आकडे कसे वाचायचे?

उपाशीपोटी १२६ किंवा वर, किंवा दोन तासांनी २०० किंवा वर, म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. १४० च्या खाली ठीक. उपाशीपोटीचे १०० ते १२५ हेही उंबरठ्यावरचेच धरतात. जागतिक आरोग्य संघटना तिथे ११० पासून मोजते, त्यामुळे १०४ आकड्याला एक डॉक्टर "जपा" म्हणतील आणि दुसरे "ठीक आहे". दोघंही आपापल्या मापाने बरोबर.

गरोदरपणात दोन डॉक्टरांनी दोन पद्धती सांगितल्या. कुणाचं ऐकू?

दोन्ही पद्धती मान्य आहेत. सरकारी दवाखान्यात बहुतेक करून पोटात अन्न असो-नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी एकदाच रक्त घेतात. १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. ही पद्धत आपल्याकडच्या डॉक्टरांनी आपल्या परिस्थितीसाठी बसवली. पाड्यावरून दोन बस बदलून आलेल्या गरोदर बाईला उपाशीपोटी पुन्हा बोलावलं तर ती येतच नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या पद्धतीत उपाशीपोटी, एका तासाने आणि दोन तासांनी अशी तीन मापं घेतात. ९२, १८०, १५३ यांपैकी एकही आकडा गाठला की पुरे. आपल्या डॉक्टरांनी जी सांगितली ती करा, पण करा. पहिल्या भेटीत एकदा, आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी परत एक जीटीटी असते. तिला जवळपास कुणीच येत नाही. बाळ तान्हं, माहेरी राहणं, झोप नाही, हे मला समजतं. पण ज्या बाईला गरोदरपणी मधुमेह झाला, तिला पुढे कायमचा होण्याची शक्यता बरीच जास्त असते. बाळाच्या लसीच्या दिवशीच जोडून या, सासूबाईंना किंवा आईला बाळ घेऊन शेजारी बसू दे.

फास्टिंग नॉर्मल आहे, एचबीए१सी पण नॉर्मल आहे. मग जीटीटी कशाला?

आपल्याकडे पुष्कळांची उपाशीपोटीची साखर बरी आणि जेवणानंतरची बिघडलेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया-बाळांचा अभ्यास केला, आणि दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त असं आपलं शरीर असतं, तेही जन्मापासून, हे दाखवलं. म्हणून "मी तर काटकुळा, मला कसला मधुमेह" हे आपल्याकडे चालत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि १३ कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर निघाले. गोव्यात प्रमाण सगळ्यात जास्त, २६ टक्क्यांच्या वर.

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) सोयीची आहे, पण ती लाल पेशींवर अवलंबून आहे. लोह कमी असेल तर ती उगाच वाढलेली दिसू शकते. सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर तिच्यावर भरवसा ठेवताच येत नाही, आणि पूर्व विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल काही दुर्मीळ नाही. अशा वेळी जीटीटी खरं सांगते. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असलेल्या मुलींनाही ती करायला सांगतात.

दोन लॅबचे आकडे वेगळे आले. कोण चुकलं?

कदाचित नळी चुकली. रक्त काढल्यावरही पेशी साखर खात राहतात, ताशी पाच-सात टक्के. म्हणून साखरेसाठीचं रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घ्यायचं असतं, त्यात फ्लोराइड असतं. तेही पूर्ण काबू करायला तास-दोन तास घेतं. साध्या नळीतलं रक्त खेड्यातून पिशवीत दुपारी आलं तर ९५ ची साखर ७० दिसेल, आणि कुणीतरी विनाकारण "लो" ठरेल. रक्त घेताना टोपणाचा रंग बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरच्या मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं मानकच आहे. आंबा कापलेल्या बोटाने तपासलं तर १८० पण येईल. हात साबणाने धुवा, पुसा, मग टोचा.

जीटीटी झाल्यावर लगेच गाडी चालवत घरी जाऊ का?

आधी खा. ग्लुकोज प्यायल्यावर तीन-चार तासांनी काहींची साखर खाली घसरते हे वर सांगितलंच, आणि नेमकी ती वेळ तुम्ही परतीच्या रस्त्यावर असता. दुसरं रक्त दिलं की इथेच बाकावर बसून डबा उघडा. पोळी-भाजी, उसळ, दही, काहीही, फक्त नुसता गोड चहा नको. कोपऱ्यात पाण्याचा माठ आहे. एवढ्यात हात थरथरायला लागले तर आत येऊन सांगा, तुमची फाइल अजून टेबलावरच असते आणि रक्त त्याच मिनिटाला घेता येतं.